तट्टू खाताना घास टाकतंय. घ्यावं की नाही?

द्राक्षमळा_निफाड

नमस्कार. आमच्या मळ्यावर मुलीसाठी (वय 9) एक तट्टू घ्यायचं चाललंय. ओळखीतल्या एकांकडे आहे. आधी माथेरानला पर्यटकांना फिरवायचं, आता खाली बांधूनच असतं. स्वभावाने फार गरीब, पोरीने आयाळीत हात घातला तरी हलत नाही. वय दहा सांगतात.

काल बघायला गेलो तेव्हा पुढ्यात कडबा होता. घास घ्यायचं, मान तिरकी करून बराच वेळ चघळायचं आणि मग अर्धवट चावलेला ओला गोळा खाली टाकायचं. मालक म्हणाले, "लाडावलंय, चंदीची (दाण्याची) सवय आहे त्याला, कडबा नको असतो." पोट सुटलेलं आहे, पण पाठीचा कणा हाताला लागतो. सासऱ्यांनी भोवरे बघितले, देवमण (शुभ मानतात तो भोवरा) आहे म्हणाले, त्यांचा होकार आहे. मला मात्र ते खाली पडलेले गोळे काही केल्या विसरता येत नाहीत. आमच्याकडे गाई आहेत, घोड्यातलं काही कळत नाही. नक्की काय बघायचं?

टेबललँडकर

ताई, तुम्हाला खटकलं ते अगदी बरोबर खटकलं. लाडावलेलं जनावर कडबा हुंगतं आणि बाजूला सारतं. तोंडात घेऊन, चावून मग टाकत नाही. घास घेतंय म्हणजे भूक आहे, आणि टाकतंय म्हणजे चावताना दुखतंय.

वडील पाचगणीला घोडी चालवायचे, आता मी चालवतो. आमच्याकडे जनावर घ्यायचं ठरलं की वडील आधी त्याच्यापुढे चारा टाकायला लावायचे आणि चारा संपेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. चाल, रंग, भोवरे, सगळं त्यानंतर. मीही तेच करतो.

गाई पाळता म्हणून सांगतो. गाय घाईने गिळते आणि मग निवांत रवंथ करते. घोड्याला रवंथ नाही आणि उलटीही करता येत नाही. चावायची संधी एकदाच, म्हणून दात गेले की सगळंच बिघडतं. घोड्याच्या दाढा आयुष्यभर हिरडीतून वर सरकत राहतात, वर्षाला 2 ते 3 मिलिमीटर, आणि चाऱ्याने तेवढ्याच झिजतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे वरच्या दाढांची गालाकडची कड झिजायची राहते आणि सुरीसारखी धार येते. खालच्या दाढांना जिभेकडून धार येते. प्रत्येक घासाला गाल नाहीतर जीभ कापली जाते. मान तिरकी करून चघळणं त्यातूनच येतं.

पुन्हा जा, पण कळवून जाऊ नका. सकाळी चारा टाकायच्या वेळेला पोचा. कडबा आणि चंदी दोन्ही तुमच्यासमोर घालायला सांगा. मग बाहेरून गालावर, वरच्या दाढांच्या रेषेत, बोटांनी हलकेच दाबत जा. धार असेल तर डोकं झटकेल. तोंडात हात अजिबात घालू नका. तोंडाला कुजका वास आहे का बघा. एकाच नाकपुडीतून घाण वास येणारा शेंबूड येत असेल तर दाढेचं मूळ सडलेलं असू शकतं. मग लीद काठीने फोडा. अख्खे हरभरे, बोटाच्या पेराएवढ्या लांब काड्या दिसल्या तर चारा न चावताच खाली उतरतोय. तीच लीद पाण्याच्या बाटलीत घालून हलवा आणि ठेवून द्या. तळाशी वाळू बसली तर त्यातून पोटदुखी होते, आणि घोड्याची पोटदुखी म्हणजे जीवावरचं दुखणं.

पोट सुटलंय म्हणजे खाल्लेलं अंगी लागलंय असं समजू नका. निकस चारा आणि जंत, दोन्हींनी पोट लोंबतं. अंग बघायचं तर फासळ्यांवरून तळहात फिरवा आणि मागून पुठ्ठ्यावर नजर टाका.

वयाचं म्हणाल तर वरच्या ओळीतला सर्वांत कडेचा पुढचा दात बघा. साधारण दहाव्या वर्षी त्याच्यावर हिरडीपाशी एक तपकिरी चर उगवते. पंधराव्याला अर्ध्यापर्यंत येते, विसाव्याला खालपर्यंत. एखाद-दोन वर्षं इकडेतिकडे धरा.

पशुसेवा_धुळे

वरचं सगळं पटलं. भर घालतो. खाऊनही वाळणारं जनावर असेल तर दातांच्या जोडीला सर्रा हा रक्तातल्या परजीवींचा आजारही डोक्यात ठेवा. चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे, विशेषतः पावसाळ्यात, पसरतो. ताप येतो-जातो, रक्त कमी होतं, पाय आणि पोटाखाली सूज येते, पण भूक बऱ्याचदा टिकून असते. त्यामुळे मालकालाही कळत नाही. पापणी खाली ओढून आतला रंग बघा. फिकट पांढरट असेल तर रक्त तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि ग्लँडर्स या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराची तपासणी झाल्याशिवाय घरी आणायचं नाही, मग जनावर कितीही धट्टंकट्टं दिसो. नाकात व्रण, चिकट स्राव, अंगावर ओळीने गाठी ही लक्षणं, पण काही जनावरं वरून ठणठणीत दिसतात. हा आजार माणसाला होतो आणि तुमच्या घरात लहान मूल आहे. सरकारी दवाखान्यामार्फत रक्ताचा नमुना पाठवता येतो. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र यासाठी देशात प्रमाण मानलं जातं. 2009 च्या कायद्याने हा आजार कळवणं बंधनकारक आहे, आणि निदान पक्कं झालं तर जनावर ठेवता येत नाही. अहवाल हातात आल्यावरच पैशाचं बोला.

द्राक्षमळा_निफाड

मनापासून आभार. आज सकाळी न कळवता गेलो. चंदी आवडीने खाल्ली, पण निम्मी तोंडातून सांडली. लिदीत अख्खे हरभरे होते. डाव्या गालाला बोट लावलं की डोकं वर घ्यायचं. पापणीचा रंग गुलाबी होता. चर दाताच्या निम्म्याच्या खाली गेलीये, म्हणजे दहा नव्हे, सोळा-सतरा असावं. नाक कोरडं होतं.

मालकांकडे दुसरंही एक आहे, चांगलं गुबगुबीत, ते घ्या म्हणतात. सासऱ्यांना ते फार आवडलं. रोज गूळ-पोळी खातं. मान जाड आहे.

टेबललँडकर

ताई, त्या दुसऱ्याचे पुढचे खूर नीट बघून या. आयाळीखालची मान हाताला टणक लागते का? खुरांवर आडव्या वळ्या आहेत का, टाचेकडे रुंद होत गेलेल्या? उभं राहताना पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेतं का? तसं असेल तर खुरांच्या आतली सूज येऊन गेलेली आहे. तट्टू जात मुळातच कमी खाण्यावर जगणारी. गूळ-पोळीने अंगावर चरबी चढते आणि रोग खुरात उतरतो. असं जनावर पोरीला पाठीवर घेऊन फिरणार नाही, आणि एकदा झालेलं पुन्हापुन्हा उलटतं. आणखी एक. लठ्ठ तट्टू बारीक करायला म्हणून उपाशी ठेवू नका. लठ्ठ तट्टवाने खाणं सोडलं की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि काही दिवसांत जीव जाऊ शकतो. एक दिवस चारा सोडला तरी डॉक्टर बोलवायचा.

पहिल्याबद्दल माझं मत: दात कानसून घेतल्याशिवाय घेऊ नका, पण सरळ नाकारूही नका. सतरा वर्षांचं गरीब तट्टू नवख्या पोरीला चांगलंच. दात कानसायचं काम गुंगीचं इंजेक्शन देऊन, तोंड उघडं ठेवणारा आकडा लावून करतात. घोड्यांचा हात असलेला डॉक्टरच हवा. शिरवळच्या किंवा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. खर्च मालकाने करावा किंवा किमतीतून वळता करा. दाढ हलत असेल, सडलेली असेल, तर डॉक्टर काय म्हणतात त्यावर ठरवा.

द्राक्षमळा_निफाड

दुसऱ्याच्या खुरांवर वळ्या आहेत, फोटोत आत्ता दिसल्या. त्याला नाही म्हणून कळवलं. पहिल्याचं रक्त उद्या घेणार आहेत आणि दातांचं मालकांनी मान्य केलंय. घरी आणलं तर खायला काय द्यायचं?

टेबललँडकर

पहिले दहा-बारा दिवस तिथलाच चारा घेऊन या आणि हळूहळू तुमच्याकडचा मिसळत जा. एकदम बदललात तर पोट धरेल. कडबा बारीक कुट्टी करून, पाण्याने ओला करून द्या. हरभरा भिजवून, भरडून, थोडाच. वजनाच्या शेकडा दीड ते दोन किलो एवढा सुका चारा दिवसभरात विभागून. वजन काढायचं तर छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि 11,880 ने भागा, किलो मिळतील. पाणी कायम पुढ्यात. धनुर्वाताची लस आणि जंताचं औषध डॉक्टरांना विचारून. आणि गूळ बंद, सासऱ्यांना आत्ताच सांगून ठेवा.