मदत हवी आहे : जुने कपडे, पट्टे, पर्स... कचऱ्यात न टाकता काय काय करता येईल?

काजबटण

वापरात नसलेल्या कपड्यांचं बोचकं उपसलं आहे. त्यातून निघालेला ऐवज असा: होजिअरीचे टी-शर्ट १४ (त्यातल्या ५ वर छातीभर रबरी छपाई), जीन्स ६ (दोन गुडघ्यावर फाटलेल्या, तीन ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या), स्वेटर ४, सदरे ७, बिनालेबलचे टॉप ५, रेक्झिनच्या पर्स ३ (तिन्हींची सालं निघताहेत), पट्टे ४ आणि जोडीदार हरवलेले मोजे.

हाताशी घरगुती शिवणयंत्र, चांगली कात्री, पक्कड आणि हातोडी आहे.

अडलंय ते इथे: सुरुवात कुठून करावी? लेबल नसेल तर सुती कोणतं आणि पॉलिएस्टर कोणतं हे कसं ओळखावं? रेक्झिनचं काही होतं का? सुती चिंध्या कंपोस्टमध्ये चालतात असं वाचलं, ते कितपत खरं?

बाटलीला लेस चिकटवून फुलदाणी करा, या छापाचे सल्ले कृपया नकोत.

ताणाबाणा

सगळ्यात आधी कात्री बाजूला ठेवा. कपडा एकदा कापला की तो पुन्हा अंगात घालता येत नाही, आणि अंगात घालण्याइतका उपयोग दुसऱ्या कशातच नाही. म्हणून पहिला ढीग 'नुसतं बटण, चेन किंवा शिवण गेली आहे' अशांचा लावा. सात सदऱ्यांपैकी दोन-तीन तरी त्यात निघतील. कॉलरची घडी विरली असेल तर कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा बसवा. आतली बाजू जवळजवळ नवी असते.

दुसरा ढीग धड पण नकोशा कपड्यांचा. हे कुणाला द्यायचे किंवा संकलनात टाकायचे असतील तर धुऊन, पूर्ण वाळवून द्या आणि बटणं-चेन तशीच राहू द्या. एक ओलसर कपडा बंद पिशवीत गेला तर दोन-तीन दिवसांत सगळ्या पिशवीला बुरशीचा वास लागतो आणि ती अख्खी पिशवी बाद होते. बूट असतील तर जोडी एकमेकांना बांधूनच द्या.

आता धागा ओळखायचा. आतल्या शिवणीतून दोन-तीन सेंटिमीटरचे काही धागे काढा, चिमट्यात धरा, खाली पाण्याची धातूची ताटली ठेवा आणि हळूच ज्योतीजवळ न्या.

सुती: कागदासारखं पेटतं, वास कागदाचा, मागे मऊ करडी राख. लोकर आणि रेशीम: केस जळल्याचा वास, ज्योत काढली की बहुधा आपोआप विझतं, उरलेली काळी गुठळी बोटाने चुरगळते. पॉलिएस्टर: ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि कडक मणी उरतो, तो चुरगळत नाही. थोडी राख आणि थोडा मणी असं दोन्ही मिळालं तर मिश्र कापड. उभा आणि आडवा धागा वेगवेगळा तपासा, कधीकधी एकच बाजू सुती असते. आणि शिवणीचा दोरा तपासू नका! तो सुती सदऱ्यातही बहुतेकदा पॉलिएस्टरचाच असतो आणि निकाल चुकतो.

दुहेरीटीप

टी-शर्टपासून सुरू करा, हात बसतो.

काखेखालचा नळीसारखा भाग घ्या, खालची दुमड कापून टाका. तो आडवा पसरून एका बाजूची घडी दुसरीपासून ४ सेंमी अलीकडे सरकवा. आता ५ सेंमी रुंदीच्या पट्ट्या कापत चला, पण ते शेवटचे ४ सेंमी न कापता सोडा. मग तो न कापलेला भाग हातावर उलगडून प्रत्येक काप शेजारच्या पट्टीच्या कापाला तिरका जोडत कापा, की एकच लांब पट्टी निघते. ती हलक्या हाताने ओढली की कडा आत वळतात आणि दोरी तयार होते.

हे वळणं फक्त साध्या होजिअरीत होतं आणि पट्टी आडवी कापली तरच नीट होतं. रिब विणीचं (उभ्या उंच-सखल धारांचं) कापड वळत नाही. रबरी छपाईचा भागही वळत नाही, पट्टी तिथे चपटी राहते आणि छपाईचे तुकडे गळत राहतात, म्हणून छपाईच्या वरचं-खालचं कापड घ्या. दोन्ही बाजूंना शिवण असलेल्या टी-शर्टात साधारण दर अर्ध्या मीटरवर शिवणीची गाठ येईल. पायपुसण्यात ती लपते, नाजूक कामात नाही.

गणित सांगते. ६० बाय ४० सेंमीचं लंबगोल पायपुसणं, तीन पदरी वेणी अडीच सेंमी रुंद: साधारण ८ मीटर वेणी लागते. विणताना लांबी तिसऱ्या हिश्शाने घटते, म्हणजे प्रत्येक पदर १२ मीटर, एकूण ३६ मीटर पट्टी. एका टी-शर्टातून ७-८ मीटर निघते, तेव्हा पाच टी-शर्ट धरा. मधली पहिली सरळ वेणी २० सेंमी ठेवायची (लांबीतून रुंदी वजा), मग तिच्याभोवती फिरवत जाड दोऱ्याने शेजारच्या वेणीला टाके घालत जायचं. हे मांडीवर घेऊन शिवू नका, टेबलावर सपाट ठेवूनच शिवा. वळणावर वेणी ओढली गेली की पायपुसण्याचा वाडगा होतो आणि तो इस्त्रीने काही सपाट होत नाही. वळणावर वेणी किंचित सैल सोडा. उलट कडा लाटांसारख्या उठू लागल्या तर सैल जास्त झाली.

जीन्सचं वेगळं लिहिते.

काजबटण

धन्यवाद! जीन्सची पिशवी करून पाहायला घेतली. पट्टा जिथे जोडायचा तिथे यंत्र टाके गाळतंय, एक सुईही मोडली. सुई १४ नंबरची होती.

दुहेरीटीप

सुई १६ नंबरची घ्या, जीन्ससाठी वेगळी मिळते ती उत्तम. टाक्याची लांबी ३ ते साडेतीन मिलिमीटर करा. पण खरं कारण बहुतेक वेगळं आहे. जाड शिवणीवर चढताना यंत्राचा पाय पुढून उचलला जातो, मागून टेकलेला राहतो. पाय तिरका झाला की कापड सुईबरोबर वरखाली होतं, खालच्या दोऱ्याला फास मिळत नाही आणि टाका गळतो. सुई वाकून खालच्या पत्र्यावर आपटली की मोडते. उपाय फुकटचा आहे: पुठ्ठ्याची घडी करून पायाच्या मागच्या बाजूखाली सरकवा, म्हणजे पाय आडवा राहील. शिवणीची गाठ आधी हातोडीने ठोकून चपटी करा. गाठीवरून जाताना पायाने नाही, हाताने चाक फिरवा.

पट्टाही तपासा. १० सेंमी रुंद पट्टी चौपदरी दुमडून अडीच सेंमीचा पट्टा होतो. तो पिशवीच्या दुहेरी कडेत घातला की सहा थर झाले, शिवण मध्ये आली तर आणखी. त्यापेक्षा जीन्सची कमरपट्टीच पट्टा म्हणून वापरा, ती तयार असते. मात्र ताणणाऱ्या जीन्सची नको. वजन पडलं की ती लांबते आणि परत येत नाही. ताणणाऱ्या तिन्ही जीन्स खिशांसाठी, अस्तरासाठी किंवा ठिगळांसाठी ठेवा.

तळ चौकोनी हवा असेल तर पिशवी उलटी करून बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर आणा, टोकापासून ५ सेंमीवर आडवी टीप मारा. १० सेंमी रुंदीचा तळ मिळतो. रिव्हेट (खिशांच्या कोपऱ्यांवरच्या धातूच्या टिकल्या) पकडीने काढून टाका, त्यांच्यावरून टीप नेली की दुसरी सुईही जाईल.

चिंधीशास्त्र

स्वेटरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

आधी आतली शिवण बघा. कडा ओव्हरलॉक केलेल्या (कापलेल्या कडेवर दाट दोरा गुंडाळून शिवलेल्या) असतील तर तो उसवून लोकर मिळवण्याच्या फंदात पडू नका, कारण विणलेलं कापड कापून शिवलेलं आहे आणि प्रत्येक ओळीचा तुटका धागा निघेल. कडा अखंड असून भाग साखळीने जोडलेले असतील तर उसवा. गुंडाळी करून कोमट पाण्यात भिजवा आणि थोडं वजन टांगून वाळवा, म्हणजे धाग्याचे कुरळे निघतील.

उसवण्याजोगा नसेल पण लोकर ८० टक्क्यांच्या वर असेल तर नमदा (आटवून घट्ट केलेलं लोकरी कापड) करा. चाचणी: थोडा धागा गरम पाण्यात साबण लावून तळहातांमध्ये दोन मिनिटं चोळा. एकजीव झाला तर जमेल, सुटा राहिला तर ॲक्रिलिक आहे किंवा न आटणारी प्रक्रिया केलेली लोकर. जमणारा स्वेटर उशीच्या अभ्र्यात बांधून ६० अंशांवर धुण्याच्या यंत्रात फिरवा, टाके दिसेनासे झाले की काढा. दोन-तीन फेऱ्या लागू शकतात. मापात बरीच घट येते, म्हणून आधी मापं घेऊन बेत आखू नका. आटल्यावर कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत, गरम भांडी पकडायला आणि बुटातल्या तळव्यांना हे कापड झकास. कसरीची भोकं दिसत असतील तर स्वेटर आधी हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांवर निदान आठवडाभर ठेवा, नाहीतर ती उरलेल्या कपड्यांत जाईल.

रेक्झिन: सालं निघणारं बहुतेक पॉलियुरेथेनचा थर असतं. हवेतल्या दमटपणाने त्याचे रासायनिक बंध तुटतात, पर्स कपाटात नुसती पडून असली तरी. पॉलिश, डिंक, रंग, कशानेही ते थांबत नाही. वेळ घालवू नका. चेन, कड्या, बक्कल, पट्ट्यांचे हूक आणि आतलं अस्तर काढून घ्या, उरलेलं कचऱ्यातच जाणार. चेनच्या रनरमागे ३ किंवा ५ असा आकडा असेल तर तो बंद दातांची मिलिमीटरमधली अंदाजे रुंदी सांगतो, बदली रनर शोधताना कामी येतो. दात उघडे पडत असतील तर बहुधा रनर सैल झालेला असतो. मागच्या दोन्ही कडा पकडीने अगदी हलकेच, आळीपाळीने दाबा. जोरात दाबलं की रनर फुटतो.

काजबटण

कंपोस्टचं राहिलं. आणि बारीक कतरण उशीत भरली तर?

चिंधीशास्त्र

शंभर टक्के सुतीच असेल तर चालतं. दोन-तीन सेंमीचे तुकडे करा, शिवणी, लेबल, इलॅस्टिक आणि छपाईचा भाग कापून टाका. अख्खा टी-शर्ट पुरला तर तो चिखलाची चादर होऊन बसतो आणि खाली हवा जात नाही. सुती म्हणजे कोरडा, कर्बाचा भाग, म्हणून बरोबर हिरवा ओला कचरा हवा. ढिगाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नको आणि घाई नको, काही महिने लागतात. पॉलिएस्टर मिश्रित कापडातलं सुत कुजतं आणि बारीक प्लास्टिक मातीत उरतं, ते टाळा.

कतरण उशीत घाला, चालेल. ४० बाय ४० च्या उशीला पाऊण ते एक किलो मुरते.

ताणाबाणा

इथे थोडा मतभेद. डोक्याखालच्या उशीत कतरण नको, ती आठवड्यात गोळे धरते आणि दगडासारखी जड होते. जमिनीवर बसायच्या गादीत ठीक. तिथेही चेनवाल्या आतल्या खोळीत भरा, म्हणजे बाहेरचा अभ्रा वेगळा धुता येईल. भरलेली उशी धुतली तर आतून वाळत नाही आणि कुबट होते. भरायला पॉलिएस्टरची कतरण वापरा, सुती पुसण्यासाठी ठेवा.

पुसण्याची फडकी करताना एक पाहा: शेवटची धुणी मऊ करणाऱ्या द्रवाशिवाय करा. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि फडकं पाणी शोषत नाही, नुसतं पसरवतं. पॉलिएस्टरचं फडकंही तेच करतं.

आणि लाकडाला जवसाचं तेल लावलेली फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. ते तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडतं, गोळ्यात ती अडकते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. उघड्यावर एकेरी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.