वेजवुडची पोर्टलंड फुलदाणी: नक्कल ती नक्कलच?

दर्याफिरस्ता: लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये काळी फुलदाणी पाहिली, वर पांढरी माणसं. पाटी वाचली तर वेजवुड नावाच्या इंग्लिश कुंभाराची १७९० च्या सुमाराची नक्कल! एकेकाळी पोर्टलंडच्या डचेसकडे असलेली अस्सल रोमन फुलदाणी त्याच शहरात ब्रिटिश म्युझियममध्ये असताना डुप्लिकेट मालाला काचपेटी कशाला?

मातीकाम: हे वाचून माझा चहा गार झाला. डुप्लिकेट? अस्सल फुलदाणी काचेची. गडद निळ्यावर पांढरा थर चढवून तो कोरलाय. जोसाया वेजवुडने तेच बिनझिलईच्या जॅस्पर मातीत आणलं. पांढऱ्यातून खालचा रंग झिरपल्यासारखा दिसायला हवा ना! फोड यायचे, तडे जायचे, चार वर्षं गेली. मी स्वतः भट्टी लावते, एका रंगापायी सहा महिने घालवलेत.

दर्याफिरस्ता: घाम गाळून कॉपी केली म्हणून पोराला पहिला नंबर द्यायचा का?

कोर्टकचेरी: मूळ तरी कुठे धड आहे? १८४५ साली एका पिऊन आलेल्याने दगडी शिल्प फेकून तिचा चुराडा केला. जोडताना ३७ तुकडे उरले, कुठे बसवायचे कळेना. आणि दंड कशाचा? वरच्या काचपेटीचा, तीन पौंड! फुलदाणी इतकी महाग की स्वस्त वस्तूंच्या तोडफोडीच्या कलमात बसेना. तो दंडही कुणीतरी निनावी भरला.

खवट: कायदा असाच असतो. आमच्या सोसायटीत भाडेकरूने माझी कुंडी फोडली, तर कमिटीने नोटीस मलाच धाडली. म्हणे जिन्यात का ठेवली!

मातीकाम: मध्येच कुंडी कुठून आली?

खवट: आईची होती. तुम्हाला फक्त डचेसच्या मडक्यांचं दुःख.

कोर्टकचेरी: जिन्यात असेल तर नोटीस बरोबरच. उद्या आग लागली की पळणार कुठून?

खवट: तुम्ही कमिटीतले का हो?

कोर्टकचेरी: नाही, पण तुमच्यासारखे शेजारी मला पाठ आहेत.

खवट: तोंड सांभाळा.

मातीकाम: पुरे! मूळ फुटली तेव्हा तिचं रूप दाखवायला निदान वेजवुडच्या प्रती तरी शाबूत होत्या. याला डुप्लिकेट म्हणा खुशाल.

दर्याफिरस्ता: बरं बाई, नक्कल नाही म्हणत. ‘चार वर्षं लागलेली झेरॉक्स’ चालेल?

मातीकाम: तुम्ही एक पणती करून दाखवा, मग बोलू.

खवट: ताई, कुंडीचे तुकडे जपून ठेवलेत. जोडून द्याल?

मातीकाम: फोटो टाका. जिन्यात काढू नका मात्र.