नोव्होरोसिस्कच्या धक्क्यावरचे घोडे

ब्रिटिशांनी ऐनवेळी दगा दिला म्हणून रशियन यादवी युद्धात बोल्शेविकांच्या लाल सैन्याशी लढणाऱ्या श्वेत सेनेची मार्च १९२० मध्ये काळ्या समुद्रावरच्या नोव्होरोसिस्क बंदरातून माघार फसली, हे काही पटत नाही. 'एम्परर ऑफ इंडिया' ही ब्रिटिश युद्धनौका (काय नाव, काय ठिकाण!) बंदरातून लाल सैन्यावर तोफा डागत होती आणि हजारो लोक ब्रिटिश जहाजांवरूनच सुटले. घोळ श्वेत सेनेचा सरसेनापती डेनिकिन याच्या स्वतःच्या घरात होता. माघारीची योजना म्हणावी अशी नव्हतीच. टायफसने सैन्य आधीच पोखरलेलं, त्यात निर्वासितांची गर्दी. जहाजं अपुरी, आणि त्यातही आधी जागा मिळाली ती श्वेत सेनेचा गाभा असलेल्या स्वयंसेवक सेनेला. डॉन नदीकाठच्या घोडेस्वार कोसॅकांचा सेनापती सिदोरिन जहाजांसाठी भांडत राहिला, पण त्याची बरीच माणसं धक्क्यावरच राहिली. घोड्यांना तर जहाजावर जागाच नव्हती. कोसॅकाला घोडा सोडून जा म्हणणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. कित्येकांनी आपल्या हातांनी घोड्यांना गोळ्या घातल्या.

एक प्रसंग मात्र नोंदवायलाच हवा. माघारीच्या पाठीमागे संरक्षणाला उभी असलेली द्रोझ्दोव्स्की तुकडीची तिसरी रेजिमेंट मागेच राहिली होती. तिला आणायला स्वयंसेवक सेनेचा सेनापती कुतेपोव 'पिल्की' ही विनाशिका घेऊन परत फिरला.

सुमारे २२,००० सैनिक लाल सैन्याच्या हाती लागले. काही दिवसांतच डेनिकिनने सेनापती व्रांगेलकडे सूत्रं दिली. त्याच व्रांगेलने नोव्हेंबरमध्ये क्रिमियातून १२६ जहाजांवर जवळपास दीड लाख माणसं काढली, कारण तयारी आधीपासून होती.