आण्णांना दाखवायचा एकच शो: कुठला दाखवू?

शिवाजीपेठकर

मंडळी, जरा डोकं चालवा. आमचे आण्णा जुने पैलवान. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत मेहनत केलेली, लाल मातीतल्या कुस्त्या केलेल्या. आता सत्तरी ओलांडली, गुडघे बोलायला लागलेत, पण खासबागेत मैदान म्हटलं की सकाळपासून फेटा काढून ठेवतात. आणि त्यांचा नातू, म्हणजे आमचं कार्टं, नेटफ्लिक्सवर डब्ल्यूडब्ल्यूई बघतंय. रोज संध्याकाळी घरात तीच जुंपते. "चड्डीवरची नाटकं बंद कर" हे आण्णांचं, आणि "आज्जा, तुला काय कळतंय" हे त्याचं.

शेवटी तोडगा काढला. एक शो पहिल्यापासून शेवटपर्यंत आण्णांनी बघायचा, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्यायच्या. आण्णा कबूल झालेत. अटी दोन: दोन तासांच्या वर बसणार नाही, आणि वैर कशावरून आहे ते कळलं पाहिजे. रेसलमेनिया, म्हणजे त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा शो, तर आता दोन दोन रात्री चालते, ती बाद. कुठला दाखवू?

कळंबा लाईन

विचार कसला करताय? 2006 चा जजमेंट डे हा शो लावा. आपल्या खलीनं अंडरटेकरला चारी मुंड्या चीत केला तो. दलीपसिंग राणा, हिमाचलचा गडी. आपला माणूस जिंकलेला बघून आण्णा खूश!

जुना कॅसेटवाला

कळंबा लाईन, राग मानू नका, पण जुन्या पैलवानाला खलीची कुस्ती दाखवणं म्हणजे भांडण मिटवायचं सोडून वाढवणं. माणूस अवाढव्य, मान्य. पण पायात हालचाल नाही हे आण्णांना पहिल्या मिनिटात दिसणार.

शिवाजीपेठकर, माझी राजारामपुरीत कॅसेटची लायब्ररी होती. नव्वद सालापासून सीडी येईपर्यंत ही कुस्ती मी भाड्यानं दिली आणि रात्री शटर ओढून स्वतः फुकट बघितली. तेव्हा माझं ऐका. 'इन युवर हाउस' या शोंच्या मालिकेतला 'कॅनेडियन स्टॅम्पीड' लावा. 6 जुलै 1997, कॅनडातलं कॅलगरी. मुख्य शोमध्ये कुस्त्या चारच, दोन तासांत आटोपतो.

का तो सांगतो. कॅलगरीत दर जुलैत स्टॅम्पीड नावाची मोठी जत्रा भरते. घोडे, बैल, काउबॉय. 1912 साली सुरू झाली, म्हणजे शाहू महाराजांचं खासबाग मैदान पुरं झालं त्याच साली. त्या जत्रेच्या दिवसांत गावात कुस्त्यांचं मैदान भरलं, असं आण्णांना सांगा. पुढचं त्यांना आपोआप कळेल.

त्या गावात स्टू हार्ट नावाचा वस्ताद. हौशी कुस्तीत कॅनडाचा विजेता, पण ऐन उमेदीत महायुद्ध आलं आणि ऑलिंपिकच रद्द झालं. मग धंद्याच्या कुस्तीत उतरला आणि घराच्या तळघरात तालीम काढली. पोरांना तिथं असा आवळायचा की ओरडणं वरच्या मजल्यावर ऐकू जायचं. तळघराचं नावच पडलं 'डंजन'. आठ मुलगे, चार मुली. ब्रेट आणि ओवेन हे त्यातलेच.

आता वैर. ब्रेट हा नेमस्त गडी, नियमानं लढणारा. आणि समोर स्टीव्ह ऑस्टिन: शिवराळ, कुणाला न जुमानणारा. नोव्हेंबर 1996 मध्ये सर्व्हायव्हर सिरीज या शोला ब्रेटनं त्याला पाडलं, पण निसटतं. ऑस्टिननं मागून गळा आवळलेला, ब्रेटनं कोपऱ्याच्या खांबावर पाय देऊन अंग मागं टाकलं आणि तशीच त्याची पाठ लावली. जानेवारीत रॉयल रम्बल, म्हणजे रिंगणात गड्यांची गर्दी, दोरावरून बाहेर फेकला गेला तो बाद आणि शेवटी उरेल तो जिंकला. त्यात ब्रेटनं ऑस्टिनला बाहेर फेकला, पण पंचांचं लक्ष दुसऱ्या मारामारीकडं. ऑस्टिन गुपचूप आत आला, ब्रेटलाच बाहेर काढून रम्बल जिंकला. अन्याय झाला की नाही? तेव्हापासून ब्रेट सारखा तक्रारी करायला लागला. आणि अमेरिकेतल्या पब्लिकला तक्रार करणारा माणूस आवडत नाही.

मग 23 मार्च 1997, रेसलमेनिया 13, शिकागोजवळ. अट अशी की समोरच्यानं तोंडानं हार कबूल केल्याशिवाय कुस्ती सुटणार नाही. पंच केन शॅमरॉक. ब्रेटनं शार्पशूटर बांधला, म्हणजे दोन्ही पाय अढीत गुंतवून गडी पालथा पाडायचा आणि कंबर मागं मोडायची. ऑस्टिनचं तोंड रक्तानं भरलेलं, पण हार म्हणाला नाही. बेशुद्ध पडला तेव्हा शॅमरॉकनं कुस्ती थांबवली. जिंकला ब्रेट, पण नंतरही पाय सोडेना. आणि जे लोक ऑस्टिनला शिव्या देत होते तेच त्याच्या नावानं ओरडायला लागले. एका कुस्तीत सज्जन तो दुर्जन झाला आणि दुर्जन तो हिरो. माझं मत विचाराल तर या धंद्यात याहून चांगली कुस्ती झालेली नाही. पण ती आण्णांना दाखवू नका, तोंडी सांगा. रक्त बघून उठतील.

दाखवायचं ते कॅलगरी. का, तर अमेरिकेत ब्रेटला हुर्यो आणि ऑस्टिनला टाळ्या, पण कॅलगरीत सगळं उलटं. शेवटची कुस्ती पाच विरुद्ध पाच. हार्टांकडून दोन मुलगे, दोन जावई (डेव्ही बॉय स्मिथ आणि जिम नाइडहार्ट), आणि पाचवा ब्रायन पिलमन, तोही त्यांच्याच हाताखाली घडलेला. समोर ऑस्टिन, शॅमरॉक, गोल्डस्ट आणि लीजन ऑफ डूमची जोडी. म्हातारा स्टू बायको-पोरांसह पहिल्या रांगेत. ऑस्टिन आत आला तेव्हाचा गलका ऐका. खासबागेत बाहेरचा नामांकित मल्ल आला, जोड आपल्या तालमीच्या पोराशी लागली, हलगी चढली, की बसल्या जागी माणसं जशी उठतात ना, अगदी तसं.

आणि निकाल आधी ठरलेला असतो हे आण्णांना सुरुवातीलाच सांगून टाका. लपवाल तर फसाल. आपल्याकडं मैदानात ठरवून सोडवलेली कुस्ती पब्लिकला लगेच कळते आणि माती उधळली जाते, कारण तिथं खऱ्याचा शब्द दिलेला असतो. इथं तो दिलेलाच नाही. इथं बघायचं ते वैर कसं बांधलं ते.

दुसरी कुस्ती द ग्रेट सासुके आणि ताका मिचिनोकू या जपानी गड्यांची. निव्वळ उड्या. तेवढ्यात चहा टाका.

गंगावेस जिम

कॅसेटवाले काका, एक राहिलं. मी स्वतः तालमीत जातो, मॅटवर पण खेळतो. "नाटक" म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की ठरलेलं असलं तरी मान खरीच असते. कॅलगरीनंतर महिनाभरानं, 3 ऑगस्टला समरस्लॅममध्ये ह्याच ओवेननं ऑस्टिनला उलटा धरून डोक्यावर आपटला आणि अंदाज चुकला. ऑस्टिनला काही वेळ हातपाय हलवता येईनात. निकाल ऑस्टिननं जिंकायचा असा ठरलेला, म्हणून तो कसाबसा सरपटत आला आणि ओवेनला गुंडाळून त्याची पाठ लावली. ती गुंडाळी बघा, जोरच नाही तिच्यात. त्या मानेनं पुढं त्याची कारकीर्द लवकर संपवली.

आणि ओवेन तर 1999 मध्ये चालू शोमध्येच गेला. वरून दोरीनं उतरायचा खेळ होता, सुटला आणि खाली पडला. शो पुढं चालू ठेवला त्यांनी. ते मला अजून पटलेलं नाही.

शिवाजीपेठकर

काल दाखवला. वृत्तांत देतो.

पहिल्या कुस्तीत मॅनकाइंड आणि ट्रिपल एच रिंगणाबाहेरच मारामारी करत बसले आणि दोघंही बाद. आण्णा म्हणाले, "मग तिकीट कशाचं?" जपान्यांच्या वेळी चहा केला. अंडरटेकर आणि व्हेडरच्या किताबाच्या कुस्तीत आण्णा चक्क झोपले. पोरगं हिरमुसलं, अंडरटेकर त्याचा देव.

शेवटच्या कुस्तीला उठवलं. कॅमेरा स्टूवर गेला आणि आण्णा सरळ बसले. म्हणाले, "कान बघ त्याचे. हा मातीतला." मग शेवटपर्यंत बोलले नाहीत. ऑस्टिन पहिल्या रांगेतल्या हार्ट मंडळींच्या अंगावर गेला तेव्हा मात्र, "अरं, म्हाताऱ्याला कशाला!" असं एवढ्या मोठ्यानं ओरडले की वरचे भाडेकरू खाली आले. ओवेननं मागनं येऊन ऑस्टिनला गुंडाळला, पंचानं तीन मोजले, आणि पोरगं-आज्जा दोघंही टाळ्या.

नंतर लगेच सावरून म्हणाले, "नाटकच हाय. पण बसवलंय चांगलं."

आज सकाळी विचारतायत, पुढं त्या ब्रेटचं काय झालं? काय सांगू?

जुना कॅसेटवाला

एवढ्यात काही सांगू नका! पुढं 9 नोव्हेंबर 1997, मॉन्ट्रियल, तेही कॅनडातच. ब्रेट कंपनी सोडून चाललेला. शॉन मायकल्सशी कुस्ती, आणि आपल्या देशात किताबाचा पट्टा द्यायचा नाही म्हणून शेवट गोंधळात करायचा असं ब्रेटशी ठरलेलं. शॉननं ब्रेटचाच शार्पशूटर त्याला बांधला. ब्रेटनं हार म्हटलेली नसताना मालक व्हिन्स मॅकमॅहननं रिंगणाशी उभं राहून घंटा वाजवायला लावली. ठरलेली कुस्ती, आणि तीत खरा दगा. ब्रेट सरळ मालकाच्या तोंडावर थुंकला.

आधी रेसलमेनिया 13 दाखवा, रक्ताचं मी बोललो ते सोडा, आण्णा आता उठत नाहीत. मग मॉन्ट्रियल. आणि त्या दिवशी मला बोलवा, मी येतो भडंग घेऊन.