मदत हवी आहे: गोव्याच्या उकाड्यात फिल्म डेव्हलपिंग

नमस्कार मंडळी. मी फोंड्याला राहतो. ब्लॅक अँड व्हाइट फिल्म घरीच डेव्हलप करायला शिकतोय, पुढे प्रिंटही स्वतः काढायचेत.

अडचण पाण्याची आहे. एचपी५ प्लस फिल्मला आयडी-११ डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) १+१, म्हणजे एक भाग डेव्हलपरला एक भाग पाणी, असं करून २० अंशांवर १३ मिनिटं लागतात. इथे मे महिन्यात नळाचं पाणीच कितीतरी गरम! गरम पाण्यात डेव्हलपिंग लवकर होतं, म्हणून वेळ कमी करता येते, पण ती ५ मिनिटांखाली गेली की डेव्हलपिंग एकसारखं होत नाही. मग १+३ असं पातळ करून वापरावं, की बर्फाच्या टबात बाटल्या ठेवून तापमान उतरवावं? फिक्सर (चित्र कायम करणारं रसायन) आणि शेवटचं धुण्याचं पाणीही डेव्हलपरच्याच तापमानाजवळ ठेवायचं, हे मला जास्त कठीण वाटतं. तुम्ही कसं जमवता?

पावसाळ्यात निगेटिव्ह आणि लेन्सला बुरशी लागू नये म्हणून सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा पुरतो का?

प्रिंटसाठी आरसी (प्लास्टिकचा थर असलेल्या) पेपरनेच सुरुवात करणार. तो धुवायला पाणी फार कमी लागतं. मडगाव-पणजीकडे कुणाचा एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायचं यंत्र) चालू असेल, तर एखाद्या रविवारी शेजारी उभं राहून बघू द्याल का? मनापासून शिकायचंय.