फार्बर यांच्या औषधाबद्दल थोडी भर
अमेरिकी डॉक्टर सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) बरा केला, हे विधान जरा घाईचं आहे. बोस्टनमध्ये ल्युकेमिया झालेल्या १६ मुलांना त्यांनी अमिनॉप्टेरिन हे औषध दिलं. १० जणांत आजार ओसरला, पण काही महिन्यांपुरताच. त्याआधी फॉलिक अ‍ॅसिड (फॉलेट, एक ब-जीवनसत्त्व) याच्या कुळातली संयुगं देऊन पाहिली होती, तर रोग आणखी भडकला. पेशींना वाढायला लागणारं फॉलेटच अडवायचं, ही कल्पना तिथून आली. फॉलेट अडवणारं हे औषध पुरवलं लेडर्ली या अमेरिकी औषध कंपनीतल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं (हे नाव हटकून गळतं!). डोस चढला की तोंड सोलवटायचं, कारण तिथल्या पेशीही भराभर वाढतात. त्याच जातीचं मेथोट्रेक्सेट आजही ल्युकेमियाच्या उपचाराच्या शेवटच्या लांब टप्प्यात देतात, तेही आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतलं तर अस्थिमज्जेचं काम थंडावतं, रक्तपेशी धोकादायकरीत्या घटतात.