मदत हवी आहे: जर्मनीला राहायला जाण्याआधी गावाकडचं काय काय उरकून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

माझ्या नवऱ्याला जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत नोकरी मिळाली आहे. आम्ही छत्रपती संभाजीनगरला बजाजनगरात राहतो आणि तो वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूमला आहे. ब्लू कार्डासाठीचा, म्हणजे तिथं राहून नोकरी करायच्या परवान्यासाठीचा, व्हिसा हातात आला की तो पुढे जाईल, मी आणि लेक मागून जाऊ. लेक पहिलीत आहे. सासूबाई केज तालुक्यात गावी एकट्या राहतात.

तिकडे पोचल्यावर काय करायचं ते वाचून काढलं आहे. घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आन्मेल्डुंग, करायची. त्यासाठी घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. मग कर क्रमांक पोस्टानं घरी येतो. घराची अनामत मूळ भाड्याच्या तिपटीहून जास्त घेता येत नाही. मी कमवत नाही तोवर नवऱ्याच्या सरकारी आरोग्यविम्यात मी आणि लेक वेगळा हप्ता न भरता येतो. इथल्या लायसन्सवर सहा महिने गाडी चालवता येते, नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. हे सगळं वहीत उतरवलंय आणि त्याची धास्ती नाही.

माझी काळजी इकडची आहे. आपल्या भागातून गेलेल्यांनी सांगितलं तरच कळेल अशा या गोष्टी आहेत, म्हणून हा धागा.

पहिली गोष्ट शेतीची. सासरे वारल्यावर वारसाची नोंद झाली, फेरफार मंजूर झाला. सातबाऱ्यावर आता सासूबाई, नवरा आणि नणंद अशी तीन नावं आहेत. नणंदेकडून हक्कसोड घ्यायचा आमचा विचार नाही. तिचा हिस्सा तिचाच राहील. रान गावातल्याच एका माणसाला बटईनं दिलेलं आहे, सोयाबीन आणि तूर असते. बी-बियाणं, फवारणी, काढणी तो बघतो. पण कागदाची सगळी कामं आजवर नवरा सुट्टीच्या दिवशी गावी जाऊन करायचा. ई-पीक पाहणीला, म्हणजे पिकाच्या सरकारी नोंदीला, रानात उभं राहून मोबाईलवर फोटो काढायचा असतो. फार्मर आयडीचा, पीक विम्याचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. सासूबाईंकडे साधा बटणाचा फोन आहे. पाहणी राहिली आणि पाऊस लागून सोयाबीन गेलं, तर भरपाई कशाच्या जोरावर मागायची? नवरा परदेशात राहायला गेला की त्याच्या नावच्या जमिनीला काही अडचण येते का? गावात लोक काहीही सांगतात. कुणी म्हणतं जमीन विकावी लागते, कुणी म्हणतं नाव कमी होतं.

दुसरी गोष्ट लेकीच्या कागदांची. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी अंबाजोगाईला होते, तिचा जन्म तिथला. जन्मदाखला आहे, पण त्यात बाळाच्या नावाचा रकाना कोरा आहे आणि आईचं नाव माझं माहेरचं लागलंय. माझ्या पासपोर्टवर सासरचं नाव आहे. बारावी आणि डीएडच्या गुणपत्रिका अर्थातच माहेरच्या नावाच्या. तिकडचा अधिकारी हे तीन कागद शेजारी ठेवून बघेल तेव्हा ही एकच बाई आहे हे त्याला कशावरून कळावं?

लेकीच्या लसीकरणाचं कार्डही असंच. गोवर-रुबेलाच्या दोन्ही लसी झाल्यात, पण आशाताईंनी पेनानं लिहिलेल्या तारखा आता फिकट पडल्यात आणि दुसऱ्या डोसवर शिक्का नाही. जर्मनीत गोवराच्या लसीचा पुरावा शाळेत द्यावाच लागतो, 2020 पासून तसा कायदाच आहे. नव्यानं लेखी प्रमाणपत्र कुठून मिळवायचं?

आणि सासूबाई. त्यांना सोबत न्यायची आमची मनापासून इच्छा आहे. त्या म्हणतात, मी गाव सोडून कुठं येऊ, पण रात्री-अपरात्री काही झालं तर दार वाजवायला कोण आहे, हा विचार डोक्यातून जात नाही. त्यांना कायमचं नेता येतं का, की नुसतं भेटीला?

एका एजंटानं "सगळे कागद करून देतो" म्हणून मोठी रक्कम मागितली. मी नाही म्हटलं. यातली बहुतेक कामं स्वतः केली तर सरकारी फीपलीकडे खर्च नसावा असं वाटतं. माहीतगारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद – गोदाकाठ

ताई, मी महसूल खात्यातून निवृत्त झालोय, म्हणून शेतीपुरतं लिहितो. नाव कमी होत नाही आणि वारसानं आलेली जमीन विकावीही लागत नाही. अनिवासी भारतीयाला ती ठेवता येते. नवीन शेतजमीन मात्र त्याला विकत घेता येत नाही. आपसात वाटणी करायची असेल, गटाची पोटहिस्सा मोजणी करायची असेल, तर ती मिस्टर इथं आहेत तोवरच करून घ्या. नंतर प्रत्येक सहीसाठी अडून बसाल.

मुखत्यारपत्र जाण्याआधी दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. त्यात कामं नावानिशी लिहा: पीक विमा, ई-पीक पाहणी, मोजणीला हजर राहणं, तलाठी आणि तहसीलचे अर्ज. विकण्याचा अधिकार घालू नका, मग तो माणूस कितीही जवळचा असो. गावोगावची भांडणं मी यावरूनच पाहिलीत. तिकडून करायचं म्हटलं तर भारतीय वकिलातीत जाऊन सही करायची, तो कागद इकडे पाठवायचा आणि महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरायचं, एवढा व्याप होतो.

ई-पीक पाहणी एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची करता येते. नणंदेच्या घरचं कुणी किंवा गावातला एखादा विश्वासाचा पोरगा ती करेल, फक्त पेऱ्याच्या दिवसांत त्याला फोन करून आठवण द्या. आधारचा नंबर बंद पडू देऊ नका, ते सिम रिचार्ज करून मिस्टरांनी स्वतःजवळ ठेवावं. सासूबाईंच्या आधारला नणंदेचा नंबर जोडला तर त्यांची अर्धी कामं सुटतील. पीएम किसानचा हप्ता सासूबाईंचा चालू राहील. मिस्टर आयकर भरत असतील तर ते त्यात आजही बसत नाहीत.

बटई तोंडी असेल तर दरवर्षी साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. समोरचा माणूस चांगला असला तरी घ्या.

प्रतिसाद – बालाघाट

मी मूळचा धाराशिवचा, सध्या जर्मनीत. जन्मदाखल्यात नाव घालणं अवघड नाही. नोंदणीपासून 15 वर्षांच्या आत नाव घालता येतं, अंबाजोगाई नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू विभागात अर्ज करा. आईच्या नावाची दुरुस्ती त्याच फेरीत मागा, सोबत विवाह नोंदणीचा दाखला जोडा. तुमच्या स्वतःच्या नावातला बदल महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापून घ्या, तो अर्ज ऑनलाइन होतो. विवाहाचा दाखला आणि राजपत्राचं पान जोडलं की माहेरचं आणि सासरचं नाव एकाच बाईचं हे सिद्ध होतं. पुढे तिकडे शिक्षिकेच्या कामासाठी डीएड दाखवायचं झालं तरी हेच दोन कागद लागतील. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला कामाची पूर्ण मुभा असते आणि व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही. तरीही जर्मन आत्तापासून शिका, कारण शाळेतली पत्रं सगळी जर्मनमध्येच येतात.

लसीसाठी ज्या आरोग्य केंद्रात डोस दिले तिथलं रजिस्टर काढायला सांगा. त्यावरून वैद्यकीय अधिकाऱ्याकडून इंग्रजीत, तारखांसह, सही-शिक्क्याचं पत्र घ्या. लेकीच्या शाळेची काळजी नको. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथं भाषा न येणाऱ्या मुलांसाठी वेगळे तयारी वर्ग असतात. माझा पोरगा सुरुवातीला वर्गात कुणाशी बोलत नव्हता, पण फुटबॉलच्या मैदानावर त्याचं तोंड उघडलं.

आईंना भेटीला आणता येतं, 180 दिवसांत 90 दिवस, आणि किमान 30 हजार युरोचा प्रवासी आरोग्यविमा लागतो. कायमचं आणायची वाटही आता आहे. 1 मार्च 2024 पासून पुढे ज्यांना ब्लू कार्ड पहिल्यांदा मिळालं, त्यांच्या आईवडिलांना निवास परवाना मिळू शकतो. मात्र त्यांच्या खर्चाची हमी आणि पुरेसा आरोग्यविमा दाखवावा लागतो, आणि साठीपुढच्या माणसाला असा विमा मिळवणं हीच खरी अडचण आहे. आधी एकदा भेटीला आणा, राहून बघू द्या, तिथली थंडीही बघू द्या.

सामानाचं एक सांगतो. साजूक तूप, खवा, पेढे घेऊ नका. दुधाचे पदार्थ बाहेरून न्यायला युरोपात बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. कढीपत्ता ताजा नको.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. जमिनीचं ऐकून नवऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. नणंदेशी फोनवर बोलले. मुखत्यारपत्र तिच्याच नावानं करायचं ठरतंय, आणि सासूबाईंच्या आधारला तिचा नंबर जोडायलाही ती तयार आहे. अंबाजोगाईला भाऊ असतो, तो नगरपरिषदेत अर्ज नेऊन देईल.

सासूबाईंना तुपाचं सांगितलं. डबा भरायला घेतला होता, तो आता नणंदेकडे जाणार.

एक प्रश्न राहिलाच. पगाराचं खातं इथल्या बँकेत आहे, त्यालाच घराच्या कर्जाचा हप्ता जोडलेला आहे. नवरा गेल्यावर ते एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या खात्यात, बदलावं लागतं असं वाचलं. हप्ता मध्ये न तुटता हे कुणी केलं असेल तर बँकेत आधी कोणता अर्ज दिला ते सांगा. आणि शेतीचं उत्पन्न इथं करमुक्त असलं तरी जर्मनीच्या विवरणपत्रात ते कसं दाखवायचं, हे ज्यांनी प्रत्यक्ष भरलंय त्यांनी कृपया लिहावं.